पहिल्यांदाच केस झाली? कोर्टात ‘कबूल’ म्हणायच्या आधी हे वाचा

धुऱ्यावरून भांडण झालं, पोळ्याच्या दिवशी दोन पोट्टे भिडले, मोटार चालवायला तारेवर आकडा टाकला, जंगलातून सागाचं लाकूड आणलं, कोणाच्या तरी वावरातून कापसाचं गाठोडं उचललं. आपल्या इकडं विदर्भात साध्या घरातल्या माणसावर पहिल्यांदा केस होते ती बहुतेक अशाच कामावरून होते. आणि मग समन्स आलं की घरचे, शेजारचे, कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवरचे सगळे एकच सांगतात, कबूल कर, दंड भर अन् मोकळा हो, कशाला तारखा करत बसतोस, मजुरी बुडते. सांगणाऱ्याचं मन साफ असतं, पण त्यातून मोकळं होता येत नाही. कबूल केलं की कोर्ट दोषी ठरवतं, दंड पाचशे रुपये असला तरी ती दोषसिद्धीच असते, आणि पुढं पोलीस भरती, नोकरी अशा ज्या ज्या फॉर्ममध्ये शिक्षा झाली का असं विचारतात तिथं ती लिहावी लागते.

मी तालुक्याच्या कोर्टात विधी स्वयंसेवक म्हणून बसतो, वकील नाही, पण लोकांना कोणत्या दारातून आत जायचं ते सांगणं हेच माझं काम आहे. पहिल्यांदा चूक केलेल्या माणसासाठी कायद्यात खरंच बरेच रस्ते ठेवलेले आहेत, फक्त ते कोणी आपणहून ताटात वाढत नाही, मागावे लागतात आणि वेळेत मागावे लागतात. म्हणून हे सगळं एका जागी लिहितोय.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. मोबाईलवर ‘डायव्हर्जन प्रोग्राम’ शोधलं की सगळी अमेरिकेची माहिती येते. तिथं बऱ्याच राज्यांत असं आहे की पहिला आणि हलका गुन्हा असला तर सरकारी वकील किंवा कोर्ट केस थांबवून ठेवते, माणसानं समुपदेशन घ्यायचं, समाजसेवा करायची, नुकसान भरून द्यायचं, आणि सगळं नीट पूर्ण केलं की केस काढून टाकतात. आपल्या देशात मोठ्या माणसांसाठी असा एकच ठरलेला प्रोग्राम नाही. आपल्याकडं हेच काम वेगवेगळ्या कायद्यांत वाटलेलं आहे, थोडं वीज कायद्यात, थोडं वन कायद्यात, थोडं १९५८ च्या अपराधी परिवीक्षा (म्हणजे प्रोबेशन) अधिनियमात, थोडं जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत. त्यामुळं “मले डायव्हर्जन पाहिजे” असं कोर्टात म्हणून चालत नाही, आपल्या केसला कोणतं दार आहे ते शोधावं लागतं.

पहिली पायरी: हातात कोणता कागद आहे ते बघा

केस झाली केस झाली म्हणून लोक घाबरून येतात आणि कागद बघितला तर ती एनसी असते, म्हणजे अदखलपात्र तक्रार, जिच्यात कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपाससुद्धा करता येत नाही. कधी ती चॅप्टर केस असते, म्हणजे तहसीलदारासमोर शांतता ठेवतो असा बॉण्ड लिहून द्यायचा, त्यात कोणी दोषी ठरत नाही, पण बॉण्ड मोडला तर मात्र महागात पडतं. कधी तो पोलिसांचा हजर राहायचा नोटीस असतो, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) चा. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात लगेच अटक केलीच पाहिजे असं नाही, पोलीस असा नोटीस देऊन बोलावू शकतात, आणि तुम्ही नोटीसप्रमाणं हजर राहिलात तर लेखी कारण दिल्याशिवाय अटक करता येत नाही. म्हणून नोटीस आला की पळून तेलंगणात मिरची तोडायला जाऊ नका, हजर व्हा, हजर झाल्याची नोंद मागा. पळालं की साधी केस उगाचच जड होते.

एफआयआर असेल तर त्याची प्रत घ्या, ऑनलाइनही मिळते. त्यात दोन गोष्टी बघायच्या, कलम कोणतं आणि घटनेची तारीख कोणती. १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्याच्या आधीची घटना असेल तर जुन्या आयपीसीची कलमं लागतात. हा फरक पुढं कामात येतो.

वनरक्षकानं दिलेला पीओआर, म्हणजे वनगुन्ह्याचा पहिला रिपोर्ट, असेल किंवा वीजवाल्यांचा पंचनामा असेल तर तो पोलिसांचा कागद नाही, त्याचा रस्ता वेगळा आहे, खाली सांगतो.

दुसरी पायरी: फुकट वकील मागा, आणि लाजू नका

तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, ऑफिस कोर्टाच्याच इमारतीत किंवा आवारात असतं. बाई असेल, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस असेल, १८ वर्षांखालचं लेकरू असेल, दिव्यांग असेल, किंवा माणूस कोठडीत असेल तर उत्पन्न किती हे न विचारता वकील मिळतो. बाकीच्यांसाठी वर्षाला तीन लाखाच्या आतलं उत्पन्न चालतं, म्हणजे आपल्या दोन-चार एकर कोरडवाहूवाल्याला बहुतेक मिळतोच. जिल्ह्याच्या ठिकाणी आता लोक अभिरक्षक कार्यालय झालं आहे, तिथले वकील फक्त आरोपीच्याच केसेस लढतात. फोन करायचा असेल तर १५१०० हा नंबर आहे.

फुकटचा वकील म्हणजे कमी दर्जाचा वकील असं डोक्यात ठेवून कित्येक जण बैल विकून खासगी वकील करतात. ज्याला परवडते त्यानं करावा, पण कर्ज काढून करायची गरज नाही, आणि “साहेबांशी सेटिंग आहे, मी केस मिटवून देतो” म्हणणाऱ्याला तर एक रुपया देऊ नका. खाली जे रस्ते सांगतोय त्यातला एकही दलालाच्या हातात नाही.

वकिलाला पहिल्याच भेटीत खरं सांगा आणि हे तीन प्रश्न विचारा: या कलमाला जास्तीत जास्त शिक्षा किती, हे कलम तडजोडीचं आहे का, आणि यात प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या बॉण्डवर सुटका, मिळते का. उत्तर वहीत लिहून घ्या.

‘पहिल्यांदा’ म्हणजे नेमकं काय

इथं लोकांचा फार गोंधळ होतो. कायद्यात पहिल्यांदाचा गुन्हेगार म्हणजे ज्याला आधी कोणत्या कोर्टानं दोषी ठरवलेलं नाही तो. आधी एखादी एफआयआर झाली होती आणि ती सुटली, किंवा अजून चालूच आहे, तर तेवढ्यानं तुमचा ‘पहिल्यांदा’ जात नाही, कोर्ट ते मनात धरू शकते हे खरं, पण दरवाजा बंद होत नाही. उलट पाच वर्षांआधी पत्त्यांच्या केसमध्ये कबूल करून दंड भरला असेल तर ती दोषसिद्धी मोजली जाते. आता कळलं असेल की मी ‘कबूल’ या एका शब्दावर एवढा अडून का बसलोय.

कोर्टात जायच्या आधीच संपणाऱ्या केसेस

आकडा टाकून वीज घेतली तर विद्युत कायदा २००३ चं कलम १३५ लागतं, ती चोरीच आहे आणि त्याला तुरुंग आहे. पण त्याच कायद्यात कलम १५२ आहे, तडजोडीचं. ठरलेल्या अधिकाऱ्याकडं तडजोडीची रक्कम भरली की गुन्ह्याची कारवाई संपते आणि कायदा त्याला निर्दोष सुटल्यासारखं मानतो. कायद्याच्या तक्त्यात शेतीसाठी दर एचपीमागं २,००० रुपये, घरगुतीसाठी ४,०००, दुकानासाठी १०,००० आणि कारखान्यासाठी २०,००० असा दर आहे, म्हणजे पाच एचपीच्या मोटारीला १०,०००. सरकारला हा तक्ता बदलता येतो, म्हणून भरायच्या आधी चालू दर लेखी मागा. चोरलेल्या विजेचं बिल वेगळं, ते वेगळं भरावंच लागते, दोन्ही एकच समजून लोक अर्धेच पैसे भरतात आणि केस तशीच चालू राहते. पावतीवर ‘तडजोड’ असं लिहिलेलं आहे का ते बघा. आणि सर्वात महत्त्वाचं, ही सवलत एका माणसाला आयुष्यात एकदाच. दुसऱ्यांदा आकडा टाकला तर कलम १५२ तुमच्यासाठी नाही.

याच्या जोडीला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. रानडुकरं पीक खातात म्हणून कुंपणाच्या तारेत करंट सोडतात आपल्या इकडं, रात्री जागल करून माणूस थकतो, मला तो त्रास माहीत आहे. पण त्या तारेला लागून माणूस मेला तर सदोष मनुष्यवधाचं कलम लागू शकते, वाघ-बिबट मेला तर वन्यजीव कायदा लागतो, आणि या लेखातला सोपा रस्ता त्यावेळी एकही उरत नाही. सोलर कुंपणाची योजना विचारा, वनविभागाकडं नुकसानभरपाईचा अर्ज टाका, पण तारेत करंट सोडू नका.

वनगुन्ह्यांचं असं आहे की भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम ६८ खाली अधिकार असलेला वनअधिकारी भरपाई घेऊन गुन्हा मिटवू शकतो. लाकूड, चराई, अशा हलक्या केसेस यात मिटतात, पैसे भरले की पकडलेल्या माणसाला सोडतात आणि पुढची कारवाई होत नाही. पण वनरक्षकाच्या हातात नगद देऊन ‘झालं’ म्हणून घरी येणं म्हणजे तडजोड नाही. अर्ज करा, आदेश घ्या, सरकारी पावती घ्या. शिकारीची गोष्ट निराळी, वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमधला प्राणी असला किंवा अभयारण्याच्या आतली शिकार असली तर तिथं कमीत कमी तुरुंगवास ठरलेला आहे आणि पैशानं मिटत नाही. ताडोबा, मेळघाट, पेंच, नवेगाव-नागझिरा यांच्या बाजूच्या गावांनी हे पक्कं लक्षात ठेवावं.

गांजाचं व्यसन लागलेल्या पोट्ट्यांच्या आईबापांसाठी: एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ६४ए आहे. नशा केल्याची केस असेल किंवा थोडा माल सापडला असेल, गांजात थोडा म्हणजे एक किलोपर्यंत, आणि तो मुलगा स्वतः व्यसनी असून आपणहून सरकारमान्य ठिकाणी व्यसनमुक्तीचा उपचार घ्यायला तयार असेल आणि उपचार पूर्ण करत असेल, तर त्या गुन्ह्याचा खटला त्याच्यावर चालत नाही. उपचार अर्धवट सोडला तर ही सूट काढून घेतात. अमेरिकेतल्या त्या प्रोग्रामच्या सगळ्यात जवळ जाणारं आपल्याकडं हेच कलम आहे आणि दुर्दैवानं हेच सगळ्यात कमी वापरलं जाते असं मला दिसतं, कारण घरचे व्यसन लपवतात. लपवू नका, डॉक्टरचा कागद लवकर करा, वकिलाला सांगा. विकणाऱ्याला मात्र यात जागा नाही.

१८ च्या खालचं लेकरू असेल तर

त्याचं सगळं वेगळं. बाल न्याय अधिनियम २०१५ मध्ये तर स्पष्ट तत्त्वच लिहिलेलं आहे की मुलाला शक्य तिथं कोर्टाच्या कारवाईपासून दूर वळवायचं. फारच गंभीर गुन्हा नसला आणि गुन्ह्यात सोबत मोठा माणूस नसला तर एफआयआरसुद्धा होत नाही, ठाण्याच्या डायरीत नोंद होते आणि मुलाचा सामाजिक अहवाल बाल न्याय मंडळाकडं जातो. मंडळ समज देऊन सोडू शकते, समुपदेशनाला पाठवू शकते, समाजसेवा करायला लावू शकते, आईबापाला दंड भरायला सांगू शकते, किंवा देखरेखीवर घरी पाठवू शकते. नंतर त्या गोष्टीचा डाग राहत नाही, कायद्यातच तसं लिहिलं आहे.

तुमचं काम एकच, वयाचा पुरावा त्याच दिवशी ठाण्यात घेऊन जाणं. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र पहिलं, ते नसलं तर ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेचा जन्मदाखला, आणि काहीच नसलं तरच डॉक्टरी तपासणी. पोरगं दिसायला धिप्पाड आहे म्हणून वय १९ लिहिलं गेलं आणि मोठ्यांच्या कोर्टात उभं केलं, असं होऊ शकते. तिथं लगेच वकिलामार्फत अर्ज टाका, वयाचा मुद्दा कधीही उचलता येतो.

तडजोड: गावात नाही, कोर्टात

आपल्या गावांत तंटामुक्त समित्या आहेत, २००७ पासून ही मोहीम चालू आहे आणि भांडणं वाढू न देण्यात तिचा उपयोग आहे. पण एफआयआर झाल्यावर समितीसमोर दोघांनी हात मिळवले, शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घेतलं, पोलीस पाटलानं सही केली, तरी केस मिटलेली नसते. लोकांना वाटते मिटली, तारखेला जात नाहीत, आणि काही महिन्यांनी वॉरंट घेऊन जमादार दारात उभा राहतो.

तडजोड कोर्टातच नोंदवावी लागते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये तक्ताच दिलेला आहे कोणतं कलम मिटते. साधी मारहाण, शिवीगाळ करून डिवचणं, धमकी, वाट अडवणं, वावरात घुसणं, खासगी माणसाचं नुकसान, अशी कितीतरी कलमं फिर्यादी तयार असला की मिटतात, चोरीसुद्धा मालाचा मालक मिटवू शकतो. काही कलमांना कोर्टाची परवानगी लागते. आणि तडजोड झाली की त्याचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखा असतो, म्हणजे दोषसिद्धी नाही. म्हणून माझ्या मते पहिला प्रयत्न नेहमी हाच करायचा. लोकअदालत लागली की तिथं ठेवा, एका दिवसात होते आणि अपील नसते, पण लोकअदालतीतही तडजोडीचीच कलमं चालतात.

फिर्यादीला धमकावून तडजोड करायला लावू नका, तो नवा गुन्हा होतो. त्याचं खरंच नुकसान झालं असेल, दवाखान्याचा खर्च झाला असेल तर तो मनापासून द्या, माफी मागा, आणि दिलेल्या पैशाचा उल्लेख तडजोडीच्या अर्जात घ्या.

कलम तडजोडीचं नसेल पण दोन्ही घरं खरंच एकत्र आली असतील, तर हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात एफआयआर रद्द करायचा अर्ज करता येतो, विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांसाठी तेच. सुप्रीम कोर्टानं २०१२ साली ग्यान सिंग प्रकरणात सांगितलं आहे की मुळात खासगी स्वरूपाच्या भांडणात हायकोर्ट असं करू शकते, खून, बलात्कार, दरोडा असल्या गुन्ह्यांत नाही. खर्च येतो, नागपूरला जावं लागते, पण नोकरीला लागायच्या वयातल्या मुलासाठी कधी कधी तो खर्च करण्यासारखा असतो. विधी सेवेचा वकील हायकोर्टातही मिळतो.

प्ली बार्गेनिंग: हे जपून

सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात आरोपीला अर्ज करून फिर्यादी आणि सरकारी वकिलासोबत बसून शिक्षा ठरवता येते. बाई किंवा लेकरावरचा गुन्हा असेल तर हे चालत नाही. नव्या कायद्यात दोषारोप ठेवल्यापासून ३० दिवसांत अर्ज करावा लागतो, आणि बोलणीसाठी कोर्ट ६० दिवस देते. पहिल्यांदाच्या माणसाला कोर्ट त्या गुन्ह्याच्या शिक्षेच्या सहाव्या हिश्श्यापर्यंत खाली आणू शकते, म्हणजे तीन वर्षांच्या कलमात सहा महिने, आणि जिथं किमान शिक्षा ठरलेली आहे तिथं किमान शिक्षेच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत. कोर्ट इथं प्रोबेशनही देऊ शकते. बोलणीत जे बोललात ते दुसऱ्या कामासाठी वापरता येत नाही.

मग जपून का म्हणतो? कारण यात दोषी ठरणं आहेच, आणि नंतर अपील करता येत नाही. ज्यानं गुन्हा केलाच नाही त्यानं फक्त तारखांना कंटाळून यात पडू नये. पुरावा पक्का आहे, तडजोड होत नाही, आणि फिर्यादीला भरपाई देऊन लवकर संपवायचं आहे, अशाच माणसानं वकिलासोबत बसून ठरवावं.

दोषी ठरलात तरी: प्रोबेशन

आता मुख्य गोष्ट. केस चालली, साक्षी झाल्या, कोर्टानं दोषी धरलं. लोकांना वाटते आता तुरुंगच. तसं नाही. १९५८ चा अपराधी परिवीक्षा अधिनियम यासाठीच केलेला आहे की पहिल्यांदा घसरलेल्या माणसाला तुरुंगात पक्क्या गुन्हेगारांमध्ये टाकू नये.

कलम ३ प्रमाणं चोरी, फसवणूक अशी ठराविक कलमं किंवा दोन वर्षांपर्यंत शिक्षा असलेला कोणताही गुन्हा असेल आणि आधी दोषसिद्धी नसेल तर कोर्ट नुसती समज देऊन सोडू शकते. कलम ४ मोठं आहे, फाशी किंवा जन्मठेप नसलेल्या कोणत्याही गुन्ह्यात कोर्ट चांगल्या वर्तणुकीच्या बॉण्डवर सोडू शकते, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी. बॉण्डच्या काळात नीट राहिलात तर शिक्षा भोगावी लागत नाही, मोडला तर कोर्ट मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकते. कलम ५ खाली फिर्यादीला भरपाई द्यायला लावू शकते. आणि कलम ६ तर तरुण पोरांसाठी सोन्यासारखं आहे: दोषी ठरतेवेळी वय २१ च्या खाली असेल आणि गुन्हा जन्मठेपेचा नसेल, तर तुरुंगात पाठवायच्या आधी कोर्टाला परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावाच लागतो आणि तुरुंग का देतोय त्याची कारणं लिहावी लागतात.

हे आपोआप होईल या भरवशावर राहू नका. कोर्टानं दोषी धरल्यावर शिक्षेबद्दल काय म्हणायचं आहे असं विचारतात, त्या क्षणी बरेच जण “साहेब, गरीब आहे, दया करा” एवढंच म्हणतात. वकिलानं त्याच वेळी प्रोबेशनचा लेखी अर्ज द्यायला पाहिजे. सोबत काय लावायचं: वयाचा दाखला, शाळा-कॉलेजचे कागद, रोजगार हमीचं जॉबकार्ड किंवा मालकाचं पत्र, सातबारा असेल तर तो, आईबाप-लेकरं अवलंबून आहेत त्याचं रेशनकार्ड, फिर्यादीला भरपाई दिली असेल तर त्याची पावती. तिथल्या तिथं झालं नाही तर वरच्या कोर्टात अपिलातही प्रोबेशन मागता येते, कायद्यात तशी सोय आहे.

मग परिविक्षा अधिकारी घरी येतो. घाबरायचं काही नाही, तो पोलीस नाही. घरच्यांशी बोलतो, शेजाऱ्यांना, सरपंचाला, गुरुजींना विचारतो, पोरगं कसं आहे, कामाला जाते का, संगत कोणाची. अहवाल गोपनीय असतो. घर सजवून ठेवायची गरज नाही, खोटं सांगायची तर अजिबात नाही, शेजारचा खरं सांगणारच आहे. झालेल्या गोष्टीचा पश्चात्ताप आहे, भरपाई दिली आहे, आता हे काम करतो, असं सरळ सांगा.

बॉण्डसाठी तुमचा किंवा जामीनदाराचा राहायचा पक्का पत्ता लागतो. कोर्टानं देखरेख लावली असेल तर पुणे, सुरत किंवा हैदराबादला कामाला जायच्या आधी परिविक्षा अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि आदेशात बंधन असेल तर कोर्टाची परवानगी घ्या. पोट भरायला जाणं गुन्हा नाही, पण न सांगता गेलात तर बॉण्ड मोडल्याचा रिपोर्ट जाऊ शकतो.

कुठं मिळत नाही तेही ऐका. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालच्या गुन्ह्यात १८ च्या वरच्या माणसाला प्रोबेशन नाही. एनडीपीएसमध्ये नशा केल्याचं कलम सोडलं तर बहुतेक नाही. गाडीच्या हलगर्जीपणानं माणूस दगावला तर सुप्रीम कोर्टानं २००० साली दलबीर सिंग प्रकरणात कडक भूमिका घेतली की अशा चालकाला सहसा प्रोबेशन देऊ नये, तेव्हा ट्रॅक्टर-ट्रॉलीवाल्यांनी हे डोक्यात ठेवून चालवावं.

समाजसेवेची शिक्षा

न्याय संहितेत पहिल्यांदाच समाजसेवा ही शिक्षा म्हणून आली. थोड्याच गुन्ह्यांना आहे, पण त्यातले दोन आपल्या कामाचे. पाच हजारांच्या आतल्या मालाची चोरी, पहिलीच दोषसिद्धी, आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेचीच. दुसरं, दारू पिऊन चारचौघांत धिंगाणा घालणं. समाजसेवा म्हणजे कोर्ट सांगेल ते लोकांच्या उपयोगाचं काम, मजुरी न घेता. दोन अडचणी लक्षात घ्या, ही सोय १ जुलै २०२४ च्या आधीच्या घटनेला तशी नाही, आणि घरातून, गोदामातून किंवा गाडीतून चोरी केली तर कलम ३०५ लागते, त्यात ही सवलत नाही. म्हणून एफआयआरमध्ये ३०३ (साधी चोरी) आहे की ३०५ आहे आणि पंचनाम्यात मालाची किंमत किती लिहिली आहे, हे वकिलाकडून तपासून घ्या. चार हजाराच्या जुन्या पंपाची किंमत आठ हजार लिहिली असेल तर तो मुद्दा त्याच वेळी उचलायचा.

आणि माणूस आतच अडकला असेल, जामिनाला कोणी नसेल, तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ आहे: पहिल्यांदाचा आरोपी असेल आणि त्या कलमाच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला बॉण्डवर सोडायचं. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे नाही, आणि एकापेक्षा जास्त केसेस चालू असतील तरी अडते. तुरुंग अधीक्षकानं स्वतः कोर्टाला कळवायचं असते, पण घरच्यांनी विधी सेवेत अर्ज देऊन पाठपुरावा करावा.

निकाल लागल्यावर

प्रोबेशनवर सुटलेल्या माणसाला परिवीक्षा अधिनियमाच्या कलम १२ चं संरक्षण आहे, दोषसिद्धीमुळं इतर कायद्यात जी अपात्रता लागते ती त्याला लागत नाही. पण दोषसिद्धी पुसली जात नाही, आणि सरकारी नोकरीत असलेल्याला त्याच्या वागणुकीवरून खातं कारवाई करू शकते, सुप्रीम कोर्टानं १९८५ साली हे स्पष्ट केलं आहे. तडजोड आणि प्रोबेशन यातला फरक इथंच कळतो, तडजोडीत दोषसिद्धीच नसते.

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं सकाळी पाचला रोडवर पळताना दिसतात, त्यांच्यासाठी खास. साक्षांकन फॉर्ममध्ये गुन्हा दाखल झाला होता का, खटला चालू आहे का, शिक्षा झाली का, असे वेगवेगळे प्रश्न असतात. नीट वाचा, जे विचारलं त्याचं खरं उत्तर द्या. २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टानं म्हटलं की माहिती खरी दिली तरी नेमायचं की नाही हे खातं ठरवू शकते, पण क्षुल्लक आणि तरुणपणातल्या चुकीकडं दुर्लक्षही करू शकते. लपवलं आणि चारित्र्य पडताळणीत सापडलं तर मात्र लपवणं हेच नोकरी जायचं कारण बनते, मूळ केस कितीही हलकी असो.

म्हणून निकाल लागला की त्याच आठवड्यात कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून आदेशाची प्रमाणित प्रत काढा, दोन काढा, झेरॉक्स करून घरात वेगळ्या जागी ठेवा. तडजोड झाली असेल तर लोकअदालतीचा निवाडा, वीज किंवा वनखात्यात मिटलं असेल तर आदेश आणि पावती, प्रोबेशन असेल तर बॉण्डची प्रत आणि बॉण्डचा काळ संपल्याची तारीख. फॉर्म भरताना केस नंबर, कलम, कोर्टाचं नाव आणि निकालाची तारीख त्या प्रतीवरून बघूनच लिहा.